परत आलेल्याची जागा

फुटबॉलवेड्या माणसांचे वाद बारा महिने चालतात. पेले मोठा की मॅराडोना, पंचाने दिलेली पेनल्टी खरी की खोटी, आपला गोलकीपर झोपला होता की बॉलच तसा फिरला. यातले बरेचसे वाद चहा संपला की संपतात. पण एक वाद मला नेहमी जास्त खोल वाटत आला आहे. दुखापतीनंतर, बंदीनंतर किंवा निवृत्तीनंतर परत आलेल्या स्ट्रायकरचं करायचं काय? त्याला पहिल्या मिनिटापासून खेळवायचं, शेवटच्या अर्ध्या तासाला उतरवायचं, की तो नसताना ज्याने गाडा ओढला त्यालाच ठेवून याला बाहेर बसवायचं?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ज्यांनी एखादी दुपार काढली आहे त्यांना हा वाद नव्याने सांगायला नको. माझे मामा तिथलेच. पेठांचे, तालमींचे संघ, दोन्ही बाजूंना खच्चून माणसं, आणि प्रत्येक जण कोच! गुडघ्याचं दुखणं काढून आलेला एखादा पोरगा मैदानाच्या कडेला पळताना दिसला की सुरू. "बरा झालाय न्हवं त्यो? मग घाला की पैल्यापास्नं!" असं एक जण म्हणणार, आणि मागच्या पायरीवरून मामा विचारणार, "आणि भाईर कुणाला काढतोस, ते सांग की आधी."

मामांचा हा प्रश्न चेष्टेतला नव्हता. परत आलेल्या माणसाबद्दल आपण बोलतो तेव्हा सगळं लक्ष त्याच्यावर असतं. त्याचा पाय, त्याचा दम, त्याचे जुने गोल. पण अकरा जागा भरलेल्या असतात. तो आत येणार म्हणजे कुणीतरी बाहेर जाणार, आणि उरलेल्या दहा जणांची कामंही थोडी थोडी बदलणार. मी विश्वचषकांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की या वादाची तीन उत्तरं तीन वेगवेगळ्या वर्षी तीन संघांनी दिलेली आहेत. १९६६ साली इंग्लंडने, १९८२ साली इटलीने आणि १९९० साली कॅमेरूनने. गंमत म्हणजे यातल्या दोन गोष्टी एकमेकींत अशा अडकल्या आहेत की एक ओढली तर दुसरी उसवते. पण ते पुढे.

आधी इंग्लंड.

जिमी ग्रीव्ह्ज हा त्या काळचा इंग्लंडचा सगळ्यात लाडका गोल मारणारा. कारकिर्दीच्या शेवटी त्याच्या नावावर इंग्लंडसाठी ५७ सामन्यांत ४४ गोल होते. हा आकडा आजच्या भल्याभल्यांना जमलेला नाही. १९६५ च्या शेवटी काविळीने त्याला काही महिने घरी बसवलं, पण घरच्या मैदानावरच्या विश्वचषकासाठी तो परत आला आणि पहिले तीनही सामने खेळला. गोल मात्र एकही नाही. इंग्लंडने साखळीत एकूण चार गोल केले, त्यातले तीन रॉजर हंटचे आणि एक बॉबी चार्ल्टनचा. २० जुलैला फ्रान्सविरुद्ध ग्रीव्ह्जची नडगी फाटली आणि टाके पडले. त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. हर्स्टने इंग्लंडकडून पहिला सामना खेळून जेमतेम पाच महिने झाले होते. अर्जेंटिनाविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यातला एकमेव गोल त्याचा. मार्टिन पीटर्सचा क्रॉस, हर्स्टचं डोकं. मग पोर्तुगालला २-१ हरवून इंग्लंड फायनलला, आणि तोवर ग्रीव्ह्जची जखम भरत आलेली.

आता आली का पंचाईत? वर्तमानपत्रांत, पबमध्ये, सगळीकडे एकच विषय. ३० जुलैला वेम्बलीवर ग्रीव्ह्ज की हर्स्ट?

ग्रीव्ह्जच्या बाजूने बोलणारे सांगत होते की फायनलमध्ये संधी एखादीच मिळते आणि ती वाया न घालवणारा माणूस म्हणजे ग्रीव्ह्ज. यात काहीही खोटं नव्हतं. पण या दहा दिवसांत आल्फ रॅम्सेने संघाचा नकाशाच बदलून टाकला होता. साखळीच्या प्रत्येक सामन्यात त्याने एकेक वेगळा विंगर खेळवून पाहिला होता. अर्जेंटिनापासून विंगर बंद. अ‍ॅलन बॉल आणि मार्टिन पीटर्स मधल्या फळीतूनच कडा सांभाळणार. कडेला कायमचा माणूस नसला की पुढच्या दोघांना स्वतःच कडेला धावून बॉल मागावा लागतो, अंगावर बचावपटू घेऊन बॉल धरून ठेवावा लागतो, मागचे वर येईपर्यंत कळ काढावी लागते. हे हर्स्टचं काम होतं. ग्रीव्ह्ज म्हणजे शेवटचा घाव घालणारा. त्याला बॉल आणून देणारी माणसं लागायची.

शिवाय एक साधी, कोरडी गोष्ट होती, जी आज आपण विसरून जातो. तेव्हा बदली खेळाडू नव्हता. विश्वचषकात बदली खेळाडू उतरवायची मुभा पहिल्यांदा मिळाली १९७० साली, मेक्सिकोत, तीही दोनच. १९६६ साली अकरा म्हणजे अकरा. एखादा जायबंदी झाला तर संघ दहा जणांनिशी खेळायचा, नाहीतर तो बिचारा लंगडत एका कडेला उभा राहायचा. नुकतीच भरलेली नडगी फायनलच्या विसाव्या मिनिटाला पुन्हा फाटली असती तर? म्हणजे "शेवटच्या अर्ध्या तासाला आणा" हे आपल्याला सहज सुचणारं उत्तर त्या वादात उपलब्धच नव्हतं. एक तर पूर्ण आत, नाही तर पूर्ण बाहेर.

रॅम्सेने त्याला बाहेर ठेवलं. हर्स्टने तीन गोल केले, इंग्लंड ४-२ ने जिंकलं. विश्वचषकाच्या फायनलमध्ये तीन गोल मारणारा तो पहिला. दुसरा माणूस यायला २०२२ साल उजाडावं लागलं, किलियन एम्बापे. ग्रीव्ह्जने तो सामना साध्या कपड्यांत बाजूला बसून पाहिला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे पदकं फक्त मैदानावरच्या अकरा जणांना मिळाली. बाकीच्यांना ती मिळाली २००९ साली, तब्बल ४३ वर्षांनी. ग्रीव्ह्ज २०२१ मध्ये गेला. त्याच्यावर लिहिलेल्या प्रत्येक लेखात ४४ गोलांइतकंच तो न खेळलेला एक सामना आला होता.

हे झालं पहिलं उत्तर. परत आलास, आनंद आहे, पण घडी बसली आहे, ती मोडणार नाही.

आता इटली. इथे जरा थांबून बोलावं लागेल, कारण माझ्या मते या वादाचा सगळ्यात चांगला नमुना तोच आहे.

पाओलो रॉसी हा मुळात विंगर. अंगाने काटकुळा, पोरवयातच गुडघ्याची ऑपरेशनं झालेली. युव्हेंटसने त्याला इकडे तिकडे पाठवला आणि शेवटी तो व्हिचेन्झाला पोचला. तिथल्या जी. बी. फाब्री नावाच्या कोचने त्याला कडेवरून उचलून मधोमध आणून ठेवला, सेंटर फॉरवर्ड म्हणून. बस, त्या एका बदलाने रॉसीचं आयुष्य फिरलं. १९७६-७७ मध्ये दुसऱ्या विभागात २१ गोल, पुढच्या वर्षी पहिल्या विभागात २४. दोन्ही वर्षी सगळ्यांत जास्त. १९७८ च्या अर्जेंटिनातल्या विश्वचषकात एन्झो बेअरझोतने त्याला खेळवलं, एका बाजूला काउझिओ, दुसऱ्या बाजूला बेत्तेगा. रॉसीचे तीन गोल झाले आणि इटली चौथी आली. नुसते गोल पाहू नका. रॉसी धक्काबुक्की करणारा नव्हता, उंच नव्हता, लांबून फटके मारणाराही नव्हता. बचावपटूच्या नजरेआड राहायचं आणि बॉल जिथे पडणार तिथे अर्धा क्षण आधी पोचायचं, एवढंच त्याचं शस्त्र. बेअरझोतने आपला हल्ला या शस्त्राभोवती रचला होता.

मग १९८० साली इटलीत सामने ठरवण्याचं प्रकरण बाहेर आलं. रॉसी तेव्हा पेरुजाकडून खेळत होता. फेडरेशनने त्याला तीन वर्षांची बंदी घातली, अपिलात ती दोन वर्षांवर आली. आपण निर्दोष आहोत असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. बंदीच्या काळातच १९८१ मध्ये युव्हेंटसने त्याला परत घेतलं. एप्रिल १९८२ च्या अखेरीस बंदी संपली. हंगामाचे तीन सामने उरले होते, त्यात एक गोल. आणि जूनमध्ये स्पेनला विश्वचषक.

दोन वर्षांत तीन सामने! आणि बेअरझोतने त्याला संघात घेतलं.

इटलीत केवढं वादळ उठलं असेल याची कल्पना करा. या देशात नुसत्या खेळाला वाहिलेली तीन दैनिकं निघतात, मिलानचं एक, रोमचं एक, तोरिनोचं एक, आणि नाक्यावरच्या बारमध्ये कॉफी पीत फुटबॉलवर बोलणं हा तर दिनक्रमच. तिथे मुख्य प्रश्न होता, रॉबेर्तो प्रुझ्झोचं काय? प्रुझ्झो रोमाचा सेंटर फॉरवर्ड, भक्कम अंगाचा, हेडरला वाघ. १९८०-८१ आणि १९८१-८२ अशी लागोपाठ दोन वर्षं इटालियन लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचे. म्हणजे रॉसी बंदीवर बसला होता नेमक्या त्याच दोन वर्षांत. आणि तो २२ जणांतसुद्धा नाही!

इथे वाद नुसत्या डावपेचांचा राहत नाही हे लक्षात घ्या. शिक्षा भोगून आलेल्या माणसासाठी जागा राखून ठेवायची, आणि जो इमानाने दोन वर्षं गोल मारत होता त्याला घरी बसवायचं, हा कुठला न्याय? रोममधल्या एखाद्या रिक्षावाल्याने, चुकलो, टॅक्सीवाल्याने हे विचारलं असेल तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

बेअरझोतच्या बाजूने पाहिलं तर हिशोब वेगळा होता. त्याचा भरवशाचा बेत्तेगा नोव्हेंबर १९८१ मध्ये गुडघा फोडून घेऊन बसला होता. उरलेल्यांत ब्रुनो कोंती उजव्या कडेवर. डावीकडे ग्राझियानी, जो नावाला फॉरवर्ड पण खाली येऊन राबणारा. त्याने आतबाहेर करून मोकळी केलेली डावी कड धरून मागून काब्रिनी वर येणार. आणि मधोमध कोण हवा? सतत जागा बदलणारा, इतरांच्या धावण्याने जी फट पडेल तीत शिरणारा. प्रुझ्झो हा खांब होता, त्याच्याकडे बॉल पाठवावा लागला असता आणि मग सगळी रचना त्याच्याभोवती फिरवावी लागली असती. बेअरझोतला खांब नको होता. चार वर्षांपूर्वीची जी जागा रिकामी होती ती रॉसीच्या मापाची होती, त्यात दुसरा माणूस बसत नव्हता. हे म्हणणं कागदावर छान दिसतं. मैदानावर काय झालं?

१४ जून, व्हिगो. पोलंडशी ०-०. १८ जून, पेरूशी १-१, आणि रॉसी इतका फिका की मध्यंतरालाच त्याला काढून काउझिओला आणावं लागलं. २३ जून, कॅमेरूनशी १-१. तीन सामने, रॉसीचे गोल शून्य. दोन वर्षं सामना न खेळलेला माणूस जसा दिसावा तसाच तो दिसत होता. पाय अर्धा क्षण उशिरा येत होते, आणि त्याचा सगळा धंदाच अर्ध्या क्षणाचा.

त्या दिवसांत इटलीत काय काय छापून आलं असेल ते वेगळं सांगायला नको. खेळाडूंनी चिडून वार्ताहरांशी बोलणंच बंद केलं. फक्त कप्तान झॉफ बोलणार, आणि तो मुळातच कमी बोलणारा. अल्तोबेल्लीला घ्या, हे सगळ्यात सौम्य मत. दोन बदली खेळाडूंची सोय आता होती, तेव्हा रॉसीला हवं तर शेवटी वीस मिनिटं द्या, हे दुसरं. माझ्या मते दोन्ही मतं शहाणपणाची होती. समोर दिसणाऱ्या पुराव्यावरून कुणीही हेच म्हटलं असतं.

आता मघाशी म्हटलं ती गंमत.

इटलीचे तीन सामने बरोबरीत, कॅमेरूनचेही तीन बरोबरीत. दोघांचे गुण सारखे, गोलफरकही सारखा. इटलीने दोन गोल केले होते, कॅमेरूनने एक. एवढ्याच फरकावर इटली पुढच्या फेरीत गेली. पण कॅमेरूनच्या पेरूविरुद्धच्या पहिल्या सामन्यात, जो ०-० सुटला, त्यांनी एकदा बॉल जाळ्यात घातला होता. पंचांनी तो ऑफसाइड ठरवला. तो गोल धरला असता तर, आणि बाकीचे निकाल तेच राहिले असते तर, कॅमेरूनचे चार गुण, पोलंडचे चार, इटलीचे तीन. इटली घरी. बेअरझोतच्या नावाने खडे फुटले असते आणि रॉसी म्हणजे "तो बंदीवाला, ज्याच्यासाठी प्रुझ्झोला डावललं" एवढाच इतिहासात उरला असता. आणि तो नाकारलेला गोल मारणारा कोण होता? तीस वर्षांचा रॉजे मिला. तोच मिला, जो पुढे या लेखाचा तिसरा नायक होणार आहे. २३ जूनला व्हिगोच्या मैदानावर रॉसी आणि मिला समोरासमोर खेळले. एकाचं पुनरागमन त्या क्षणी फसलेलं दिसत होतं, दुसऱ्याचं अजून आठ वर्षं लांब होतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. बार्सिलोनात २९ जूनला अर्जेंटिनाला २-१ हरवलं. रॉसीचा गोल नाहीच, पण एकट्याने गोलकीपरसमोर पोचून त्याने जी संधी घालवली त्याच बॉलवर कोंती धावला आणि पुढे काब्रिनीचा गोल झाला. गोल होत नव्हता, पण पाय योग्य ठिकाणी पोचायला लागले होते. कोचला बाकावरून हे दिसत असावं. लोकांना धावफलक दिसतो, आणि त्यात त्यांची चूक नाही.

५ जुलै, समोर ब्राझील. झिको, सॉक्रेटिस, फाल्काव. त्यांना बरोबरीसुद्धा पुरणार होती. पाचव्या मिनिटाला डावीकडून काब्रिनीचा क्रॉस आणि रॉसीचा हेडर. आसपास कुणी नाही. पंचविसाव्या मिनिटाला सेरेझोने आपल्याच भागात आडवा, बेफिकीर पास दिला, तो रॉसीने वाटेतच उचलला आणि मारला. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरनंतर तार्देल्लीचा फटका गर्दीतून आला, रॉसीने नुसता पाय लावून दिशा बदलली. ३-२. तीनही गोलांत एकही लांबचा फटका नाही, एकही चार जणांना चुकवणं नाही. बॉल जिथे पडणार तिथे अर्धा क्षण आधी. त्या पहिल्या गोलाची रचना पुन्हा पाहा. डावी कड, मागून वर आलेला काब्रिनी, मधोमध नजरेआड राहिलेला रॉसी. बेअरझोत ज्यासाठी चार सामने शिव्या खात होता ते हेच.

मग पोलंडविरुद्ध दोन, जर्मनीविरुद्ध फायनलमध्ये पहिला. तीन सामन्यांत सहा गोल, विश्वचषक, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू, वर्षअखेरीला युरोपातला सर्वोत्तम खेळाडू. रॉसी डिसेंबर २०२० मध्ये गेला तेव्हा सगळ्या इटलीने हळहळ व्यक्त केली.

हे दुसरं उत्तर. तुझी जागा रिकामीच ठेवली आहे, तुला वेळ लागेल, तोवर मार आम्ही खाऊ.

बेअरझोतचं हे रॉसीवरचं आंधळं प्रेम होतं असं कुणाला वाटत असेल तर १९८६ आठवा. मेक्सिकोच्या विश्वचषकात बेअरझोतच कोच होता आणि रॉसी संघात होता. पण त्याला एक मिनिटही खेळवलं नाही. आजूबाजूची माणसं बदलली होती, मधल्या जागेवर अल्तोबेल्ली बसला होता. ज्या मापाची जागा १९८२ साली होती ती आता नव्हती. माणूस तोच, कोच तोच, उत्तर उलटं.

आता मिला. १९९० चा विश्वचषक आमच्या पिढीने दूरदर्शनवर पाहिला, डोळे चोळत, आवाज बारीक करून, कारण दुसऱ्या दिवशी शाळा. त्यामुळे याबद्दल मी जरा पक्षपाती असणार, सांभाळून घ्या.

मिला १९८८ मध्ये कॅमेरूनच्या संघातून निवृत्त झाला होता. फ्रान्समधली लांबलचक कारकीर्द संपवून तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एका स्थानिक क्लबकडून हौसेखातर खेळत होता. आणि राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांनी त्याला परत बोलावलं. वय ३८. आता सांगा, अशा माणसाला खेळवायचं कसं? राष्ट्राध्यक्षांचा माणूस म्हणून पहिल्या अकरात घातला तर संघातल्या तरण्याताठ्या पोरांनी काय समजायचं? आणि आणून नुसता बसवून ठेवला तर बोलावलाच कशाला?

कोच होता रशियन, व्हॅलेरी नेपोम्नियाश्ची. त्याला फ्रेंच फारशी येत नव्हती, दुभाष्यामार्फत बोलायचा. त्याने जे उत्तर काढलं ते १९६६ साली नियमांतच बसत नव्हतं. मिलाला त्याने एकाही सामन्यात सुरुवातीपासून खेळवलं नाही. ओमाम बियिक आणि मंडळींनी आधी तासभर समोरच्या बचावफळीला पळवून पळवून दमवायचं, आणि मग मिलाने उतरायचं. अडतीस वर्षांच्या पायांत नव्वद मिनिटं नव्हती, पण अर्धा तास होता. आणि दमलेल्या बचावपटूसमोर तो अर्धा तास ताज्या पायांचा होता. म्हातारा मिला आणि तरुण बचावपटू यांच्यातलं अंतर घड्याळाने भरून काढलं.

रोमेनियाविरुद्ध उतरला, शहात्तराव्या आणि शहाऐंशीव्या मिनिटाला गोल. कॅमेरून २-१. कोलंबियाविरुद्ध बाद फेरीत नव्वद मिनिटं ०-०, जादा वेळेत मिलाचे दोन. त्यातला दुसरा कोण विसरेल? गोलकीपर हिगिता गोल सोडून पार पुढे येऊन बॉलशी खेळत बसला, मिलाने तो काढून घेतला आणि रिकाम्या गोलात ढकलला. कोलंबियाचा वाल्देरामा हा मिलाचा माँपेलिए क्लबातला जुना सोबती. तेव्हा हिगिताच्या या खोडीची खबर मिलाला आधीच असणार असं धरायला हरकत नाही. आणि प्रत्येक गोलनंतर कोपऱ्यातल्या झेंड्याशी जाऊन ते कंबर हलवणं! आमच्या गल्लीत त्यानंतर दोन महिने दुसरा कुठला नाच नव्हता.

हे झाल्यावर सगळीकडचे फुटबॉलवेडे एकच विचारायला लागले. अहो, हा अर्ध्या तासात एवढं करतो तर सुरुवातीपासून का नाही? इंग्लंडविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यात तर कॅमेरूनचे चार जण बंदीमुळे बाहेर होते. तरीही मिला बाकावरच. इंग्लंडचा पहिला गोल झाला. मध्यंतरानंतर मिला आला आणि वीस मिनिटांत चित्र पालटलं. त्याला पाडल्याबद्दल पेनल्टी, कुंडेचा गोल. मग त्याच्या पासवर एकेकेचा गोल. २-१. शेवटी दोन पेनल्टींवर लिनेकरने इंग्लंडला जादा वेळेत ३-२ असं वाचवलं.

सुरुवातीपासून खेळला असता तर कॅमेरून उपांत्य फेरीत गेलं असतं का? हा वाद मी आजवर अनेक जणांशी घातला आहे. माझं मत, नाही. मिला म्हणजे अर्ध्या तासाचा मिला. नव्वद मिनिटांचा मिला हा दुसराच कुणीतरी, आणि तो ३८ वर्षांचा झालेला होता. एका चमच्याने गुण आला म्हणून अख्खी बाटली पिऊन चालत नाही. शिवाय हेच औषध १९९४ साली पुन्हा वापरलं, तेव्हा मिला ४२ चा. रशियाविरुद्ध तो उतरला, गोलही केला, विश्वचषकात गोल मारणारा सगळ्यात वयस्क खेळाडू हा विक्रम आजही त्याचाच. पण सामना कॅमेरून १-६ ने हरलं. आधीचा तासभर दुसऱ्याला पळवून दमवणारे दहा जण असतील तरच तो अर्धा तास सोन्याचा. नाही तर नुसता विक्रम.

तर मंडळी, तीन उत्तरं. एकाला बाहेर ठेवलं, एकाला पहिल्यापासून घातलं, एकाला शेवटी आणलं. तीनही ठिकाणी कोचला डोक्यावर घेतलं गेलं आणि वाद घालणारे मूर्ख ठरले. मला मात्र एवढं सगळं वाचून उलटंच वाटतं. तीनही ठिकाणी वाद घालणाऱ्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. फक्त तो अर्धा होता. ते ग्रीव्ह्जबद्दल, रॉसीबद्दल, मिलाबद्दल बोलत होते. उत्तर दर वेळी आजूबाजूला होतं. विंगर काढून टाकले होते म्हणून ग्रीव्ह्जला जागा नव्हती. ग्राझियानी राबत होता आणि काब्रिनी वर येत होता म्हणून रॉसीला जागा होती. दोन बदली खेळाडूंचा नियम होता आणि ओमाम बियिकचे पाय होते म्हणून मिला शक्य झाला.

आणि हेही तितकंच खरं, की नशिबाचा वाटा आपण मागाहून पुसून टाकतो. १९६६ साली एकोणनव्वदाव्या मिनिटाला जर्मनीने २-२ केलं होतं. तिथून इंग्लंड हरलं असतं तर ग्रीव्ह्जला वगळणारा रॅम्से आजही शिव्या खात असता. पेरूविरुद्ध एक झेंडा वर गेला नसता तर बेअरझोतची शहाणी रचना कुणी समजूनही घेतली नसती. जिंकल्यावर कोचच्या मनात आधीपासून सगळं स्पष्ट होतं असं आपण लिहितो. असेलही. पण तितकंच स्पष्ट असूनही हरलेले कोच किती असतील, त्यांच्यावर कोण लिहिणार?

आणि प्रुझ्झोवर कोण लिहिणार? दोन वर्षं सर्वाधिक गोल, तिसऱ्या वर्षी, १९८३ मध्ये, रोमाबरोबर लीगचं विजेतेपद. इटलीकडून मोजके सामने. त्याने काहीच वाईट केलं नव्हतं. रचना दुसऱ्याच्या मापाची होती, एवढंच. परत येणाऱ्याच्या प्रत्येक सुंदर गोष्टीत असा एक माणूस कडेला उभा असतो, आणि गोष्ट चांगली संपली की त्याचं नाव घ्यायचं राहून जातं.

असो. फार लांबलं. शेवटी तुम्हाला एकच विचारतो. २८ जून १९८२. उद्या अर्जेंटिनाशी सामना आहे. तीन बरोबऱ्या, रॉसीचे गोल शून्य, प्रुझ्झो घरी, अल्तोबेल्ली बाकावर तयार. पुढचं काहीही माहीत नाही असं धरा. तुम्ही कुणाला खेळवाल? अगदी खरं सांगा.

मी अल्तोबेल्लीला.